उघडी जखम

"नाही म्हणजे नाही!" दिनूमामाने दंड शालीत लपवला. "कैरी चिरताना विळीवर बोट कापलं. लोणचं मुरलं, तरी जखम उघडीच. हा तुझ्या आईने शोधलेल्या खिळ्याचा प्रताप!"

गाठीतल्या पेशींना जागचं हलू न देणाऱ्या त्या वर्षातून एकदा घ्यायच्या सुईला लोक खिळाच म्हणत. मात्र जखम भरायलाही पेशींना सरकावं लागतं, त्यामुळे खिळा घेतलेल्याचा साधा ओरखडाही महिनोन्‌महिने रेंगाळायचा.

हेमांगी भरलेली सुई घेऊन या आठवड्यात तिसऱ्यांदा आली होती. "मामा, तुझ्या पोटात कॅन्सरची गाठ आहे. जुन्या सुईचा जोर संपत आलाय."

"गाठ दुखत नाही, बोट दुखतं. सगळा जन्म यमूताईने पेशी कशा पसरतात ते बघण्यात घातला. जखमही भरायला हवी, एवढं साधं तिला सुचू नये?"

"सुचलं होतं!" हेमांगीचा आवाज चढला. "पण खिळा तयार व्हायच्या आधी तिचीच गाठ पसरली आणि ती गेली. तिच्या ऑपरेशननंतर तू टाके बघायला आला होतास. काय म्हणालास, आठवतं?"

मामाने बोटाची पट्टी चाचपली.

"जखम किती लवकर भरली, म्हणालो," तो हळूच म्हणाला. "पेढेसुद्धा आणले होते मी."

"तिच्या सगळ्याच पेशी मोकळ्या होत्या, गाठीतल्याही," हेमांगी म्हणाली. मामाने शाल बाजूला करून दंड पुढे केला.

"टोच. पण पुढच्या वर्षी कैऱ्या तू चिरायच्यास."