लखदीवची दुसरी खेप

"काशिराम कुठाय?" कोठारे साहेबांनी जीपमधून उतरता उतरता विचारलं.

"तापानं फणफणलाय, साहेब," विठू म्हणाला. "उठवत नाय त्याला. मी येतो. त्याच्यापेक्षा खोल बुडी मारतो मी."

काशिराम, त्याचा धाकटा भाऊ, ठणठणीत होता. साहेब उद्या येतील अशा समजुतीनं तो आज बायकोला माहेरून आणायला ओव्याला गेला होता. साहेब जरा घुटमळले. पण मुंबईहून बोट सुटायला आली होती.

"बस," ते म्हणाले.

पनवेलचं बंदर मागं पडलं तरी विठूनं वळून पाहिलं नाही. वर्षभर तो आतून जळत होता. खाडीत अडकलेले नांगर सोडवायच्या बुड्या काशिरामला त्यानंच शिकवल्या होत्या. गढूळ पाणी, सगळं काम हातानं चाचपून. आणि छप्पन्न साली लखदीव बेटांजवळच्या समुद्राच्या पाहणीसाठी पाणबुड्या हवा म्हणून साहेब आले, तेव्हा विठू नेमका मासळी घेऊन बाजारात गेलेला! नेलं ते काशिरामला.

परत आल्यापासून काशिराम एकच सांगत सुटला होता. "दादूस, लखदीवचं पानी म्हंजे भिंग! तोंडाला काच बांधायची, नळीतनं श्वास घ्यायचा, नि निसतं बघत ऱ्हायचं." बंदरावर माणसं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायची. विठूची बायको गोदूसुद्धा जेवायला वाढता वाढता विचारायची, "भावजी, त्या निळ्या माशांचं परत सांगा ना." विठू ताट अर्धवट सारून उठायचा.

आता तीच काच विठूच्या तोंडावर होती. बेटाजवळच्या पाण्यात त्यानं डोकं घातलं आणि तो हबकलाच. खाली पोवळ्यांचं रान पसरलेलं. फांद्याफांद्यांतून पिवळेनिळे मासे. एक कासव त्याच्या हाताखालून निवांत निघून गेलं. तळाच्या पांढऱ्या वाळूवर त्याला स्वतःची सावली दिसली. काशिरामला यातलं निम्मंही सांगता आलं नव्हतं. आता बंदरावर मी सांगणार, विठूच्या मनात आलं, आणि तो गप बसून ऐकणार.

हसतच तो वर आला. होडीची कड धरून त्यानं काच कपाळावर सारली.

"काशिराम आज इथं हवा होता," साहेब म्हणाले.

"त्यानं मागल्या खेपेला बघितलंय की सगळं," विठू म्हणाला.

"हो. पण मी तुम्हा दोघांना न्यायला आलो होतो, विठू. मागल्या खेपेहून परतताना त्यानंच तशी अट घातली होती. म्हणाला, 'दादूसला नेनार असाल तरच मी येतो. नि त्याच्या तोंडाला काच दुसऱ्या कुनी नाय, मीच बांधनार.'"