पान्यावरचे ओरखडे

एल्डन वावरा यानं पाना खिडकीपाशी नेला, तिरका धरला आणि त्यावरून अंगठा फिरवला. कंपनीच्या नावाखाली बोटभर जागा कुणीतरी कानशीनं घासली होती. महिन्यापूर्वी मोतीबिंदू काढल्यापासून त्याला बऱ्याच नको त्या गोष्टी दिसू लागल्या होत्या. आज तर त्यानं ग्रीस पुसून पाना लख्ख केला होता.

पाना त्याच्या बापाचा. नव्या मालावर त्या जागी परदेशाचं नाव ठोकलेलं असतं. बापाच्या काळात तिथे काहीच नसायचं. मग कोरी जागा कोण कशाला घासेल?

"हा तो नाहीच," तो म्हणाला. "बदललाय कुणीतरी."

शेडच्या दारात त्याची बायको रोझली कॉफीचे मग घेऊन उभी होती. "कोण बदलणार? सोन्याचा आहे का?"

"कुबिक. हिवाळ्यात नेला होता, आठवतंय? परत द्यायला किती दिवस लावले! आणि दर शनिवारी हरतो, वर हसतो. हरून हसणारा माणूस पाहिलायस कुठे? मला तेव्हाच संशय यायला हवा होता."

कुबिक म्हणजे कुंपणापलीकडच्या शेतातला शेजारी. दोघांची शनिवारची शर्यत वर्षानुवर्षं चालू होती. कुबिक कुठल्या तरी नव्या कंपनीचा पाना आणायचा, एल्डन बापाचा काढायचा. बाकावरच्या व्हाइसच्या पकडीत पोलादी कांब घट्ट आवळायची, तिला पाना लावायचा, पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवायचा आणि अंगातलं सगळं वजन टाकायचं. ज्याच्या पान्याचा जबडा पसरला तो हरला. त्यानं पुढच्या शनिवारी कोलाची, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भाजून आणायच्या. चकचकीत पाने हरले, महागडे हरले. टीव्हीवर मिरवणाऱ्या एका पान्यानं तर पाइप चढवताच मान टाकली. बापाचा पाना मात्र कधी हरला नाही आणि एल्डननं ते कुबिकला कधी विसरू दिलं नाही.

"येऊ दे आज," एल्डन म्हणाला. "तोंडावर चोर म्हणतो की नाही बघ."

"एल्डन, नको."

"का नको?"

रोझलीनं कॉफीचे मग बाकावर ठेवले. "त्यानं नाही बदलला. मी बदलला. मोडला माझ्या हातून."

एल्डननं पाना पुन्हा उजेडात धरला.

"अपेंडिक्ससाठी दवाखान्यात होतास ना, त्या उन्हाळ्यात. गवत कापून पडलं होतं, आभाळ भरून आलेलं, आणि गठ्ठे बांधायच्या यंत्राचा नट काही हलेना. मी पाइप लावला, तू लावतोस तसाच. कडकन गेला."

"बापाचा पाना मोडणार नाही."

"मोडला. जन्मभराची हमी आहे, मोडला तर नवा देतात, हे तूच गावभर सांगायचास. मी दुकानात नेला. काउंटरवरच्या माणसानं एक शब्द विचारला नाही. तुकडे टोपलीत टाकले, नवा हातात ठेवला. घरी येऊन बघते तर त्याच्यावर ते परदेशाचं नाव. मग बसले गोठ्यात कानस घेऊन. जुना दिसावा म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवला, खडीत घोळवला."

"तुकडे तरी परत मागायचेस."

"मागितले. म्हणाला, बाई, एक काय ते घ्या. तुकडे, नाहीतर नवा." तिचा आवाज चिरकला. "गवत उघड्यावर पडलं होतं, एल्डन."

बापाची वस्तू कुठल्याशा टोपलीत गेली. आणि इतकी वर्षं आपण शेजाऱ्याला हिणवत होतो, ते कशाच्या जोरावर?

"कुबिकला सांगू नकोस," रोझली म्हणाली. "उद्या चर्चमध्ये मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

बाहेर गाडी थांबली. कुबिक एका हातात कोलाचीची ताटली आणि दुसऱ्या हातात नवा पाना नाचवत आत शिरला.

"काढ तुझ्या बापाला बाहेर! आज सुटका नाही त्याची."

त्यानं आपला पाना लावला, पाइपला लोंबकळला, लालबुंद झाला. शेवटी पान्याचा जबडा पसरला. तो नेहमीसारखाच हसला.

मग एल्डन. त्यानं पाइप धरला आणि दात आवळून सगळं वजन टाकलं. आज पहिल्यांदाच त्याला तो पाना मोडायला हवा होता. पाना तसूभरही हलला नाही.

"तुझ्या बापाच्या वेळचं लोखंडच वेगळं, लेका!" कुबिकनं पाना कांबेवरून काढला, हातात तोलला, उलटा केला. त्याचा अंगठा एका जागी थांबला. तो खिडकीपाशी गेला आणि त्यानं पाना तिरका धरला.

"एल्डन, इथे कानस कुणी मारली?"

मघाशी एल्डनच्या कपाळावर जी आठी होती तीच आता कुबिकच्या कपाळावर होती. रोझलीनं तोंड उघडलं.

"मी," एल्डन आधी बोलला. "बापाचा केव्हाच मोडला. हा दुकानातून बदलून आणलेला आहे. त्याच्यावर देशाचं नाव होतं, ते घासलं."

"आणि मी इतकी वर्षं कोलाची भाजतोय!"

"हो."

कुबिकनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा रोझलीकडे. तिचे डोळे जमिनीला लागले होते. त्यानं पाना हळूच बाकावर ठेवला, ताटली उचलली आणि तडक गाडीकडे चालू लागला. गाडीचं दार उघडलं, मग आपटलं. पण गाडी सुरू झाली नाही.

तो परत आला आणि ताटली त्यानं रोझलीच्या हातात दिली.

"या तुझ्या," तो म्हणाला. "याला एकसुद्धा देऊ नकोस."