चार पावलं पुढे

वाट जरा रुंद झाली की मोजणीदार थांबायचा. बायको शेजारी येईल, दोघं बरोबरीने चालू, असं त्याला वाटायचं. ती यायची, पण शेजारी नाही. त्याच्या पाठीमागे येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "चला ना. थांबलात का?"

या सुट्टीचा हट्ट तिचाच होता. परदेशात जायचं, डोंगरातल्या गावांमधून पायी हिंडायचं. तो म्हणाला होता, पुढच्या वर्षी जाऊ, सध्या कामाचा डोंगर आहे. तिने ऐकलं नाही. "याच वर्षी," एवढंच म्हणाली. त्याच्यासाठी भडक नारिंगी जाकीटही तिनेच आणलं.

"या वयात हा रंग?"

"घाला हो. तिथे कोण ओळखतंय तुम्हाला?"

एवढ्या हौसेने आली आणि आता अशी मागे मागे. जमिनी मोजण्यात जन्म गेल्यामुळे त्याचा पाय झपझप पडायचा, हे खरं. पण त्याने वेग कमी केला की तीही कमी करायची. चार पावलांचं अंतर काही मिटत नव्हतं. चालताना बोलायचं तर मान वळवून बोलावं लागे. दोन दिवसांत त्याने तेही सोडलं.

खिंडीत पोचल्यावर दोघं एका दगडी कठड्यावर बसले. खाली अख्खं खोरं उघडं पडलं होतं.

"काय काय दिसतंय, सांगा ना," ती म्हणाली.

"समोरच तर आहे. बघ की."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"नदी आहे. पूल आहे. गाई चरतायत."

"कुठल्या रंगाच्या?"

"गाईच्या रंगाच्या."

ती हसली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बोलायला काही उरलं नाही, म्हणून ही असले प्रश्न उकरून काढते, असं त्याच्या मनात आलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने मेनूकार्ड न उघडताच त्याच्यापुढे सरकवलं. "तुम्हीच मागवा काहीतरी." पूर्वी हीच बाई मेनूकार्डातल्या शुद्धलेखनाच्या चुका वेटरला दाखवायची आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तो त्या चुकांची वाट बघत बसला.

छापखान्यातलं मुद्रितशोधनाचं काम तिने मागच्याच वर्षी सोडलं होतं. कंटाळा आला म्हणाली. कामानंतर आता आपला नंबर लागलाय, हे मोजणीदाराने त्या टेबलावर बसून स्वतःशी कबूल केलं.

घरी परतल्यावर त्याने सायकल घेतली. हिंडायची सवय लागली होती आणि घरात करमत नव्हतं. दर रविवारी सकाळी पाच-सहा जणांचा कंपू गावाबाहेरच्या तलावापर्यंत जायचा. "तुम्हीही चला," असं त्याने तिला एकदा थट्टेने म्हटलं. नवराबायकोत अहोजाहोची थट्टा पूर्वी चालायची. ती हसली नाही. "नको. तुम्ही जा. खरंच जा."

निघताना तो फाटकापाशी थांबून वर बघायचा. ती गॅलरीत उभी असायची. तो हात हलवायचा. ती त्याच्याच दिशेने बघत राहायची, पण हात काही उचलायची नाही. तीन-चार रविवार असंच झालं. मग त्याने वर बघणं बंद केलं.

"तुमच्या सौभाग्यवती दर रविवारी सोडतात बरं तुम्हाला," कंपूतला दातांचा डॉक्टर एकदा म्हणाला. "आमच्याकडे अर्ज-विनंत्या कराव्या लागतात."

"आमच्याकडे हाकलतात," मोजणीदार म्हणाला. सगळे हसले. तोही हसला आणि चढावर मुद्दाम पुढे निघून गेला. डोळ्यांत आलेलं पाणी वाऱ्यानेच आलंय, असं म्हणायची सोय तिथे होती.

त्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, दुसऱ्या गावच्या कचेरीत जागा रिकामी झाली आहे, जाणार का? तो विचार करून सांगतो म्हणाला. घरी बोलला नाही. पण सायकल चालवता चालवता वाक्य जुळवत राहिला. शेवटी ते जुळलं. तुला एकटीलाच बरं वाटत असेल, तर मी जातो. त्यात राग नको होता, रडगाणं नको होतं. पुढच्या रविवारी तलाव दिसायला लागला आणि त्याने ब्रेक दाबला.

"काय झालं? पंक्चर?" डॉक्टरने विचारलं.

"नाही. घरी एक सांगायचं राहिलंय."

"फोन करा की."

"समोर उभं राहून सांगण्यातलं आहे."

तो परत फिरला. रस्ताभर ते वाक्य पुटपुटत होता. दार नुसतं लोटलेलं होतं. चिखलाने भरलेले बूट त्याने बाहेरच काढले आणि मोज्यांवरच आत आला. दिवाणखान्यात लख्ख ऊन पडलं होतं. आतल्या खोलीतून तिचा आवाज येत होता, बहिणीशी फोन चालू होता. तिचं बोलणं संपेपर्यंत थांबावं म्हणून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला.

ती बाहेर आली. फोन कानाला होता. दुसरा हात भिंतीवरून, मग कपाटाच्या कडेवरून सरकत होता. सावकाश येऊन ती त्याच्या पुढ्यात उभी राहिली, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. तिने मान वर करून थेट त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती हसली. असं हसलेलं त्याने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. जुळवलेलं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

"नाही गं ताई," ती फोनमध्ये म्हणाली, "ते सायकलवर गेलेत. घरात कोणी नाही. बोल तू."