तिसरा पेड

मुळशीच्या माळावर घोड्यांचं प्रदर्शन होतं. धुळाजी आपल्या हरणी घोडीच्या शेपटीची वेणी घालत होता. बायको, तानूबाई, पुढे लगाम धरून उभी होती.

दर वर्षी तिसरा पेड त्यांची लेक सोनाली ताणून धरायची. उन्हाळ्यात ती धरणात बुडाली. देह मिळालाच नाही.

"तिसरा धर गं," धुळाजी सवयीने बोलून गेला.

पेड ताणला गेला. त्याने हात पुढे केला की तो बोटांत येत होता. वेणी घट्ट, सुबक उतरत गेली.

शेवटी त्याने मान वर केली. तानूबाई घोडीच्या तोंडापाशीच होती.

"आटपा की. पुकारा झालाय. बांधा शेंडा."

शेंडा बांधला की धरणाऱ्याचं काम संपतं. धुळाजीने सगळी वेणी सोडली आणि पुन्हा वरून घालायला घेतली.

"येड लागलंय का तुमाला?"

"बांधली की जाईल गं ती."

तानूबाईने मागे वाकून पाहिलं. तिसरा पेड हवेत ताठ होता.

"सोने," ती हळूच म्हणाली, "ऱ्हा की जरा."

पेड सैल पडला. हरणीने कान टवकारले. चालत जाणाऱ्या कुणाकडे पाहावं तशी तिची मान हळूहळू धरणाकडे वळत गेली.