बारा किलो मीठ

शर्यतीच्या शेवटच्या वळणावर समृद्धीचं लक्ष होडीत पायाशी बांधलेल्या गोणीकडे गेलं. सकाळी करकचून आवळलेली दोरी सैल झाली होती आणि तिच्यात गोणी लुळी पडली होती.

"नयन, गोणी फाटली का रे?"

शिडाची दोरी धरून बसलेल्या तिच्या चुलतभावाने वाकून पाहिलं. "नाय फाटली. तू पुढं बघ ना, प्राची मागंच हाय!"

ती पुढे बघू लागली. खाडीवरचा वारा पडला होता. बाकीच्या होड्या जागच्या जागी डुलत होत्या, यांची मात्र सरकत होती. डोंबिवलीच्या प्राचीला होडीभर मागे टाकून तिने झेंडा गाठला.

काठावर एकच गलका झाला. पहिली येणारी होडी राज्याच्या निवडीला जाणार होती. गेली दोन वर्षं समृद्धी दुसरी येत होती, आणि दोन्ही वेळा घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली होती. आज मात्र तिला हसूच येईना. तिने उतरायच्या आधी गोणी सोडली आणि एका हाताने उचलली. सहज उचलली गेली.

नियम साधा होता. मंद वाऱ्यात हलकी होडी पळते, म्हणून होडीतल्या दोघांचं वजन मिळून एकशेवीस किलोच्या खाली नको. कमी भरलं तर तेवढं ओझं सोबत घ्यायचं आणि शेवटपर्यंत तेवढंच ठेवायचं. ही दोघं एकशेआठ भरली होती. सगळ्यांनी रेतीच्या पिशव्या आणल्या, समृद्धीच्या वडिलांनी, पंढरीने, मिठाची गोणी आणली.

"बारीक हाय ह्यो काय तिचा गुन्हा?" तो सकाळी काट्यापाशी पंचांना म्हणाला होता. "पन नियम तो नियम. जन्म मिठागरात गेला आमचा. रेती कशाला हवी?"

पंच म्हणजे नौपाड्याचे श्रीपाद लेले, निवृत्त प्राध्यापक. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. पण पुस्तकात मिठाचं काही नव्हतं आणि स्वयंपाकघराशी लेल्यांचा संबंध जेवण्यापुरता. "बाराला बारा. चालेल," म्हणून ते मोकळे झाले. मग पंढरीने स्वतःच्या हातांनी गोणी होडीत बांधली. तळाला, जिथे पाणी साचतं आणि भोकातून परत खाडीत जातं तिथे.

आता फेरतपासणी होती. चिठ्ठी टाकून एकच होडी निवडायची अशी पद्धत. लेल्यांनी डब्यात हात घातला. चिठ्ठी प्राचीची निघाली. तिची रेती भिजून अर्धा किलो जास्तच भरली.

"ओझं वाढवून हरलीस की गं!" तिचा जोडीदार संदेश म्हणाला आणि सगळे हसले.

सगळे काट्याकडे बघत होते. समृद्धी वडिलांकडे बघत होती. डब्यात हात गेला तेव्हा पंढरीने डोळे मिटले होते. प्राचीचं नाव आल्यावर ते उघडले आणि तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला.

समृद्धी पाण्याकडे गेली, परत आली. चपला घातल्या, काढल्या. नयनने तिचा दंड धरला.

"गप रहा ना यार. आपल्याला कुठं ठावं व्हतं? नियम आपण नाय मोडला, पाण्यानं मोडला. आनि चिठ्ठी पन आपली नाय निघाली. देवानंच ठरवलं."

"चिठ्ठी देव नाही काढत. लेले सर काढतात."

"राज्याला जायचं नाय का तुला?"

जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिला त्याचाच राग आला. तिने दंड सोडवला, गोणी उचलली आणि काट्यावर टाकली.

"सर, हे मोजा."

"अगं, तुमची चिठ्ठी नव्हती," लेले कागद आवरता आवरता म्हणाले.

"माहितीय. तरी मोजा ना."

काटा साडेपाचवर थांबला. लेल्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. साडेपाचच.

"विरघळलं?" त्यांनी विचारलं. नुकताच शोध लागावा तसं विचारलं. कोणी हसलं नाही. मग त्यांनी पेन काढलं आणि निकालाच्या कागदावरच्या पहिल्या ओळीवर काट मारली. समृद्धीला त्याने काही बरं वाटलं नाही. प्राची जवळ येऊन "सॉरी" म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नसावं. नयन होडी उलटी करायला निघून गेला.

पंढरी पुढे आला नाही. माणसं पांगल्यावर त्याने शीड गुंडाळलं. डोलकाठी घरी न्यायची होती. पुढचं टोक समृद्धीने खांद्यावर घेतलं, मागचं त्याने. गावाची वाट अर्धी सरली.

"बाबा," तिने मागे न बघता विचारलं, "मीठ पाण्यात विरघळतं, तुमाला ठावं नव्हतं?"

डोलकाठीचं मागचं टोक दुसऱ्या खांद्यावर गेलं.

"मिठाचं ठावं व्हतं, बाय," पंढरी म्हणाला. "तुजं नव्हतं."