कॅप्टनचा निरोप

"गण्या, तुझंच खरं," पियूष म्हणाला. "यान परत यायलाच पाहिजे."

हे एक वाक्य ऐकायला गणराज कितीतरी वर्षं भांडला होता. आज ते ऐकलं आणि त्याने नजर चुकवली.

मुरुडच्या कोळीवाड्यात, पियूषच्या ओट्यावर दोघे बसले होते. पियूषचे वडील, तुळशीराम तांडेल, वादळाच्या आधी बोट घेऊन गेले होते. बाकीच्या बोटींनी मिळेल त्या बंदरात आसरा घेतला आणि वारा पडल्यावर एकेक करून त्या घरी आल्या. तुळशीरामांची आली नव्हती. पियूषने स्टँडवरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान तेव्हापासून उघडलेलं नव्हतं.

गणराज आत्ताच मच्छीमार सोसायटीतून आला होता. तिथे तो डिझेलच्या पावत्या फाडतो. चेअरमन दयारामभाऊ वायरलेसपाशी डोकं धरून बसले होते. बोट गावली होती, उलटी झालेली. खलाशी वाचले होते. तुळशीराम वाचले नव्हते.

"तू पुढं हो," दयारामभाऊ म्हणाले होते. "तुझा दोस्त हाय. तुला बोलाया जमतं. निरोप तू दे, आमी मागनं येतोच."

अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं असलं की माणसं आधी त्याची स्तुती करतात.

तो निरोप गणराजने अजून दिला नव्हता, आणि पियूष बोलत होता ध्रुवयानाबद्दल. ही परदेशी मालिका दोघांनी लहानपणापासून मराठी डबिंगमध्ये पाहिली होती. तिचे किती भाग झाले हे ती काढणाऱ्यांनाही आठवत नसेल. जुन्या भागांत यान कितीही अंधारात शिरलं तरी शेवटी परत यायचं. नव्या भागांत माणसं मरायला लागली, यानाचे दिवे मंदावले, आणि मुरुडमधल्या त्या मालिकेच्या चाहत्यांत उभी फूट पडली. गणराज आशेच्या पार्टीचा. पियूष अंधाराच्या.

खरी ठिणगी पडली ती एका शब्दावरून. जुना कॅप्टन निघताना दारात वळून म्हणायचा, "येतो." नव्या भागात नवा कॅप्टन तसाच दारात वळला आणि म्हणाला, "जातो."

गणराज तेव्हा पेटला होता. "ज्याला आई हाय तो असं लिहिणार न्हाय," असं त्याने डबिंगवाल्याबद्दल चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. पियूषने उलट लिहिलं होतं, "तो खरं बोलला. येणार न्हाय हे म्हाईत असताना येतो कशाला म्हणायचं? उगाच घरच्यांना आशेला लावायचं."

या भांडणात पियूषची आई, नीराबाई, गणराजच्या बाजूने होत्या. त्यांना यान, ग्रह, तारे यांतलं काही कळत नव्हतं आणि समजून घ्यायचंही नव्हतं. पण मुलाच्या मोबाइलवर त्यांनी कॅप्टनचं ते "जातो" ऐकलं होतं. "मेल्याला कुणी वळणच लावलं न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या उंबऱ्यावरून आजवर कोणी "जातो" म्हणून गेलं नव्हतं. गॅसवाला एकदा चुकून म्हणाला, तर त्याला त्यांनी गल्लीच्या टोकावरून परत बोलावलं आणि "येतो" म्हणायला लावूनच सोडलं.

आत्ता त्या उंबऱ्याशी बसून कोलंबी सोलत होत्या. ताटातली कोलंबी केव्हाच संपली होती. त्या सालंच पुन्हा चिवडत होत्या.

"मी उगाच भांडलो रं तुझ्याशी," पियूष म्हणाला. "अंधार दाखवायला काय लागतं? दिवे घालवले की झालं. यान परत आणायला अक्कल लागते." त्याचे डोळे झोपेविना लाल झाले होते. "तू ते म्हणायचास ना नेहमी? अंधार पडला म्हणून घर जागचं हलत न्हाय, माणूस वाट काढत येतो. म्हण ना एकदा."

"घसा बसलाय," गणराज म्हणाला.

"हळू म्हण. मला ऐकू येईल."

गणराजला रडू येत होतं, आणि आपण आधी रडलो तर सगळंच कळेल याची भीतीही वाटत होती. त्याने गल्लीकडे पाहिलं. मागनं येतोच म्हणणारी माणसं अजून दिसत नव्हती. त्यांना घेऊन यावं, सगळ्यांनी मिळून सांगावं, असं त्याने ठरवलं. हा शुद्ध पळपुटेपणा होता आणि तो त्याला कळत होता. तो उठला, पायांत चपला सरकवल्या.

"काकी, जातो मी," तो म्हणाला.

पियूष हसला. वादळानंतर तो पहिल्यांदाच हसला. "आये, ऐकलंस? मी आशेवाल्यांत गेलो, तर हा फुटून माझ्या पार्टीत आला."

नीराबाई हसल्या नाहीत, आणि ओरडल्याही नाहीत. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. हात पदराला पुसले. मग त्या गणराजकडे बघत राहिल्या, आणि गणराजने मान खाली घातली.

"बस त्याच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पोराला मी सांगते."