तीन कोरे लॅपटॉप

"ह्येंला हात लावला तर शॉक न्हाई न्हवं बसत?" खुर्चीवर बसता बसता पारूअक्कानं विचारलं.

"न्हाई बसत अक्का," रेश्मा म्हणाली.

टेबलावर तीन लॅपटॉप उघडे होते. एक विंडोजचा, एक मॅक, एक लिनक्सवाला. तिन्ही सकाळीच पुसून कोरे केलेले.

रेश्मा मूळची खानापूरची. गेली दोन वर्षं ती कर्नाटकातल्या गणेशगुडीत पारूअक्काच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती आणि तिथूनच एका प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं काम करत होती. भाषा शाळेतल्या मुलांसाठी, छोटीशी, शिकायला सोपी. पण ती कॉम्प्युटरवर चढवायची म्हणजे शिक्षकांच्या नाकी नऊ यायचे. विंडोजवर एक तऱ्हा, मॅकवर दुसरी, लिनक्सवर तर आठ ओळी टाईप करा. निम्मे शिक्षक तिथंच हात टेकायचे. रेश्मानं सहा महिने खपून सगळ्यांसाठी एकच रीत बसवली होती. तेच चित्र, त्याच पायऱ्या, आणि टाईप करायला एक अक्षरसुद्धा नाही.

आज त्याची चाचणी होती. ती फसली तर जुनीच पद्धत चालू राहणार आणि रेश्माचं काम महिनाअखेरीस संपणार. मग बंगळूरला जाऊन दुसरी नोकरी शोधणं आलं. तिला जायचं नव्हतं. काळी नदीकाठच्या या गावात तिचा जीव रमला होता आणि त्यात पारूअक्काचा वाटा मोठा होता.

बंगळूरहून हे काम बघणाऱ्या किरणनं चाचणीची अट फोनवर स्वच्छ सांगितली होती. "ज्यानं कधी कॉम्प्युटर वापरला नाही असा माणूस हवा. तुझी सूचनांची पानं वाचून त्यानं तिन्हीकडे इन्स्टॉल करायचं. माऊस कसा धरायचा एवढं शिकव. मग तू तोंड उघडायचं नाहीस."

असा माणूस मिळेना. राफ्टिंगच्या हपिसातला नागेश तयार होता, पण तो दिवसभर कॉम्प्युटरवरच बुकिंग घेतो. राहिली पारूअक्का. तिचा फोन जुना, बटणांचा. आठवड्याला ती रामनगरच्या बाजारात कंद विकायला बसते. समोरचा घेणार आहे की नुसताच भाव विचारतोय, हे ती त्याच्या तोंडावरून ओळखते, आणि सहसा चुकत नाही. इतकी हुशार बाई कॉम्प्युटरला कशाला घाबरेल, असा रेश्माचा हिशेब.

पानं लिहायला घेतली तेव्हा तिनं अक्काला विचारलं होतं, "मराठीत लिहू का कन्नडात?"

"तुला जमंल त्यात लिही की. मला दोन्ही सारकंच."

इकडं बहुतेकांचं तसंच असतं. रेश्मानं मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरांत.

"ह्ये जमलं तर तू हितंच ऱ्हातीस न्हवं?" अक्कानं आता विचारलं.

"व्हय." रेश्मानं तिला माऊस धरायला शिकवला. "पण तू बघून कर. मी काय बोलायची न्हाई."

"नको बोलू. बस हितं बाजूला."

अक्कानं चष्मा लावला, पहिलं पान हातात धरलं आणि ओळीखालून बोट फिरवलं. रेश्मा टेबलाच्या कडेला, पडदा दिसेल अशी बसली. ओठ घट्ट मिटून.

आधी विंडोज. चित्रावर टिचकी मारली की त्या त्या कॉम्प्युटरची स्वतःची एक चौकट येते. फाईल अनोळखी आहे, चालू द्यायची का? विंडोजवर 'हो' डावीकडे, मॅकवर उजवीकडे. आधीच्या चाचण्यांत सगळे याच चौकटीवर अडकले होते, म्हणून रेश्मानं ते पानावर ठळक करून लिहिलं होतं.

अक्काचा बाण उजवीकडे गेला. रेश्माच्या कपाळावर आठी उमटली. अक्कानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं, परत पानाकडं पाहिलं, मग बाण सावकाश डावीकडे नेऊन दाबला.

'पुन्हा पान पाहिलं. चूक स्वतःच सुधारली,' रेश्मानं वहीत लिहिलं.

मॅकवर अक्का आधी डावीकडे थबकली, मग उजवीकडे गेली. लिनक्सवर तर तीन बटणं आली. अक्का घाई करणारी नव्हे. एकेका बटणावर थांबत, अधूनमधून वर बघत, पान उलटत तिनं वेळ घेतला. रेश्मा नुसती देवाचं नाव घेत होती. शेवटी अक्कानं मधलं दाबलं आणि हिरवी पट्टी सरकत टोकाला पोचली.

"झालं अक्का. तिन्हीवर झालं." रेश्माचे डोळे भरून आले. एवढा आनंद तिला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

"मग बास," अक्का म्हणाली. "आता कुटं जाऊ नको."

रेश्मानं लगेच किरणला फोन लावला.

"तू काही बोलली नाहीस ना?" त्यानं विचारलं.

"एक शब्द न्हाई."

"मग तुझी पानं पास. उद्या हीच तीनशे शाळांना पाठवतो. चाचणी करणाऱ्याची सही तेवढी घेऊन ठेव."

रेश्मानं फॉर्म अक्कासमोर ठेवला. 'दिलेल्या सूचना मी स्वतः वाचल्या,' असं वर छापलेलं होतं, खाली सहीला रेघ. तिनं रेघेवर बोट ठेवलं आणि पेन उघडून अक्काच्या हातात दिलं.

अक्कानं चष्मा काढला. पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं.

"शाईची डबी असंल न्हवं तुझ्याकडं?" ती म्हणाली आणि तिनं डाव्या हाताचा अंगठा पुढं केला.